कोरड्या तालुक्यांत गाड्या का गंजतात?

शिरूर किंवा दौंड येथे आठवडे बाजार भरला म्हणजे बाजाराच्या कडेला जुन्या जीपा, ट्रॅक्स आणि मालवाहू पिकअप गाड्यांची रांग लागलेली दिसते. पुढच्या वेळी बाजारास जाल तेव्हा ह्या गाड्यांकडे थोडे चिकित्सक नजरेने पहा. बॉनेटचा रंग उन्हाने विटलेला असतो, पण पत्रा बहुधा शाबूत असतो. आता खाली वाकून पहा. मडगार्डची आतली बाजू, दाराची खालची कड, चालकाच्या पायाखालचा पत्रा, हौद्याचे कोपरे ह्या ठिकाणी तांबूस पापुद्रे सुटलेले दिसतील. काही गाड्यांत तर पायाखालच्या भोकांतून रस्ता दिसतो.

येथे दोन कोडी आहेत. पहिले असे, की हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक पाऊस सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास आहे, तर ह्याच जिल्ह्यातील लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरांच्या वर जातो. मग अशा कोरड्या मुलुखात गाड्या इतक्या का गंजाव्यात? दुसरे कोडे असे, की पाऊस पडतो तो टपावर आणि बॉनेटवर. मग गंज चढतो तो खालून आणि आतून का?

ह्या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे, आणि ते समजले म्हणजे गंजावर उपाय कोठे करावयाचा हेही आपोआप समजते.

गंज म्हणजे काय?

लोखंड निसर्गात सहसा शुद्ध रूपात सापडत नाही. ते ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या धातुकाच्या रूपात खाणीतून निघते. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने त्यातील ऑक्सिजन काढून घ्यावा तेव्हा लोखंड हाती लागते. ह्या कामी पुष्कळ ऊर्जा खर्चावी लागते. संधी मिळताच लोखंड पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावते आणि आपल्या मूळ, कमी ऊर्जेच्या स्थितीकडे जाते. गंज म्हणजे लोखंडाचे पाणीयुक्त ऑक्साइड होय.

गंज चढण्यास पाणी आणि ऑक्सिजन ही दोन्ही लागतात, हे तुम्ही खिळ्यांच्या प्रयोगावरून शिकलाच आहात. उकळून हवा काढून टाकलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर दिला असता, खिळा गंजत नाही. कोरड्या हवेतही गंजत नाही. परंतु पाणी आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नेमके काय करतात, हे ह्या प्रयोगावरून कळत नाही. त्यासाठी रसायनशास्त्राचे बोट सोडून थोडा वेळ विजेकडे वळावे लागेल.

पत्र्यावरील विद्युत्घट

ओल्या पत्र्यावर सूक्ष्म विद्युत्घट तयार होतात. विजेरीतील सेलप्रमाणेच त्यांना दोन टोके असतात. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे टाकतो व आयन होऊन पाण्यात उतरतो. ह्या जागेस ॲनोड म्हणतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात. तेथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते स्वीकारतो आणि पाण्याच्या मदतीने हायड्रॉक्सिल आयन बनतात. ही जागा म्हणजे कॅथोड. थोडक्यात असे लिहिता येईल :

ॲनोडपाशी : लोखंडाचा अणू → लोखंडाचा आयन + २ इलेक्ट्रॉन

कॅथोडपाशी : ऑक्सिजनचा रेणू + पाण्याचे २ रेणू + ४ इलेक्ट्रॉन → ४ हायड्रॉक्सिल आयन

लोखंडाचे आयन आणि हायड्रॉक्सिल आयन वाटेत एकमेकांस भेटतात, आणखी ऑक्सिजन घेतात आणि गंजाच्या रूपाने खाली बसतात. घटाचे मंडल पूर्ण होते ते असे : पत्र्यातून इलेक्ट्रॉन वाहतात आणि पाण्यातून आयन. म्हणून पाण्यात मीठ मिसळले की गंज झपाट्याने वाढतो. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते.

हा प्रवाह केवढा असतो? थोडा हिशेब करून पाहू. फॅरेडेच्या नियमांनुसार ५६ ग्रॅम लोखंड विरघळण्यास सुमारे १,९३,००० कूलंब विद्युत्भार वाहावा लागतो. वर्षात सुमारे ३ कोटी १५ लक्ष सेकंद असतात. तेव्हा १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर ९ किलोग्रॅमहून थोडे अधिक लोखंड नाहीसे होईल. आता १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा १ चौरस सेंटिमीटर तुकडा घ्या. त्याचे वजन सुमारे ०.८ ग्रॅम भरते. तेवढ्या जागेत ०.१ मिलिअँपिअर इतका क्षुद्र प्रवाह सतत वाहत राहिला, तर साधारण दहा महिन्यांत तेथे आरपार भोक पडेल! विजेरीच्या लहान बल्बास लागणाऱ्या प्रवाहाचा हा सुमारे तीन हजारावा भाग आहे. वर्षातून चारच महिने ओल टिकते असे धरले, तरी अडीच वर्षांत पत्रा गेला.

म्हणून प्रश्न 'पाऊस किती पडला' हा नसून 'ओल किती दिवस टिकली' हा आहे.

चिखलाखाली काय घडते?

एकाच पत्र्यावर एक जागा ॲनोड आणि दुसरी कॅथोड का होते? ह्याचे एक सुंदर उत्तर केंब्रिज विद्यापीठातील यू. आर. इव्हान्स ह्यांनी १९२० च्या दशकात प्रयोगाने दाखविले. त्यांनी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबात रंग बदलणारी दोन दर्शके होती : एक लोखंडाच्या आयनांमुळे निळे होणारे, दुसरे हायड्रॉक्सिल आयनांमुळे गुलाबी होणारे. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला आणि कडेला गुलाबी वर्तुळ उमटले. म्हणजे लोखंड झिजत होते थेंबाच्या मध्यभागी!

असे का व्हावे? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो. तेथे हवेतील ऑक्सिजन लवकर पोहोचतो. मध्यभागी थर जाड असल्याने तेथे ऑक्सिजन कमी पडतो. जेथे ऑक्सिजन भरपूर, ती जागा कॅथोड होते व सुरक्षित राहते. जेथे ऑक्सिजनची टंचाई, ती जागा ॲनोड होते व झिजते. गंजण्यास ऑक्सिजन लागतो, पण झीज होते ती मात्र ऑक्सिजन कमी असेल तेथे!

आता मडगार्डच्या आत साचलेल्या चिखलाच्या पेंडीकडे वळू. दौंड-शिरूरच्या नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत आहे. तिच्या पेंडीची बाहेरची कड हवेशी संपर्कात असते, आतला भाग ओला व हवेवाचून कोंडलेला असतो. इव्हान्सचा थेंब येथे तळहाताएवढा झाला, इतकेच. पेंडीच्या आड, नजरेस न पडणाऱ्या जागी पत्रा झिजत जातो. दाराच्या दुहेरी पत्र्यात, सांध्यांच्या फटीत, पाट्यांच्या थरांत, गादीखालच्या ओल्या काथ्यात हेच घडते. दुसऱ्या कोड्याचे उत्तर हे. टपावर पडलेला पाऊस वाहून जातो, वारा व ऊन त्यास वाळवितात आणि तेथे ऑक्सिजन सर्वत्र सारखा असतो. खालची आणि आतली ओल मात्र वाळतच नाही.

पाऊस कमी, मग ओल कोठून?

आता पहिले कोडे. पाऊस थोडा असला तरी ह्या भागात पाणी थोडे नाही. दौंड तालुक्यातून मुठा उजवा कालवा जातो. शिरूर तालुक्यास घोड धरणाचे आणि चासकमानच्या कालव्याचे पाणी मिळते. भीमा आणि घोड ह्या नद्यांच्या काठी उसाची शेते पसरलेली आहेत. दौंडमधील पाटस व शिरूरमधील न्हावरे येथे साखर कारखाने उभे राहिले, केडगाव परिसरात गुऱ्हाळे आहेत. उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीची चाके भर उन्हाळ्यातही पाटाच्या चिखलातून जातात.

दुसरे पाणी रात्री येते. हिवाळ्यात निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. भिजवलेल्या शेतांवरील दमट हवा त्यास लागली की दंव पडते. उघड्या पत्र्यावरचे दंव सकाळी उडून जाते, पण जे ओघळून दाराच्या फटीत किंवा हौद्याच्या कोपऱ्यात जाते ते तेथेच राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे गाडीतून वाहिला जाणारा माल. इंग्रज शास्त्रज्ञ व्हर्नन ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखविले, की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० ते ७० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारसे गंजत नाही. परंतु पत्र्यावर क्षार पडलेले असतील तर गणित बदलते. मीठ किंवा युरिया ह्यांना ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळाली, की ते हवेतील बाष्प ओढून घेऊन स्वतःच पाझरू लागतात. निरनिराळे क्षार एकत्र असतील तर ह्याहून कमी आर्द्रताही पुरते. खताच्या फाटक्या पोत्यातून सांडलेला युरिया, पोटॅश, अमोनियम सल्फेट हे सारे हौद्याच्या फटींत जाऊन बसतात. पोटॅश म्हणून विकले जाणारे खत बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि क्लोराइड आयन हा लोखंडाचा विशेष वैरी आहे. पत्र्यावर जो काही संरक्षक पापुद्रा असेल तो हा आयन फोडतो, आणि ह्या कामात तो स्वतः मात्र खर्ची पडत नाही. त्यास धुऊन काढीपर्यंत त्याचे काम चालूच राहते.

उसाचा रस, काकवी किंवा गुळाचा पाझर सांडला तर चिकट थर तयार होतो. तो धूळ व ओल धरून ठेवतो आणि आंबून आम्ल बनतो. दुधाच्या कॅनमधून सांडलेले दूध आंबते तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार होते. कालव्याखालच्या काही काळ्या जमिनी खारवट झालेल्या आहेत, तेथील चिखलात क्षार असतातच. थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात आणि त्यामुळे तेथील गाड्या लवकर गंजतात. कोकणात समुद्रावरून खारा वारा येतो. आपल्याकडे मीठ कोणी मुद्दाम टाकीत नाही, पण मालाबरोबर ते गाडीत येतेच. मुंबई-कोकणात वापरलेली गाडी कोणी येथे विकत आणली, तर तिच्या सांध्यांत समुद्राचे मीठही आलेले असते.

केवळ रूप बिघडते काय?

भारतात १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलिस जीप आणली. पुढे तिची अनेक रूपे निघाली. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स आली. १९८८ मध्ये टेल्को कंपनीने टाटा मोबाइल ही पिकअप गाडी बाजारात आणली. ह्या गाड्या दणकट म्हणून खेड्यांतून टिकून राहिल्या. मात्र हल्लीच्या गाड्यांच्या पत्र्यावर पुष्कळदा जस्ताचा थर असतो, आणि सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर अस्तर चढवितात. जुन्या गाड्यांना हे संरक्षण बहुधा नसे. त्यांची काळजी मालकासच घ्यावी लागते.

गंजाने पत्र्याचे बळ किती कमी होते? सपाट पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली, तर विरोध निम्मा नव्हे, आठव्या हिश्श्यावर येतो. शिवाय गंज मूळ लोखंडाहून काही पटींनी अधिक जागा व्यापतो. सांध्यात शिरलेला गंज पाचरीसारखा पत्रे फाकवितो, बोल्ट जाम करतो आणि रंगाला फोड आणतो.

सर्वांत मोठा धोका ब्रेकच्या नळ्यांना असतो. चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेने पोलादाच्या बारीक नळ्या चाकांपर्यंत गेलेल्या असतात. पास्कलच्या नियमानुसार पायाने दिलेला दाब त्यांतील द्रवातून चाकांपर्यंत पोहोचतो. जोरात ब्रेक दाबला तर हा दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास पटींहूनही अधिक होऊ शकतो. नळी धरणाऱ्या चिमट्याखाली चिखल बसतो, आणि नेमकी तेथेच ती गंजून पातळ होते. रोजच्या हलक्या ब्रेकला ती टिकते, परंतु समोर अचानक कोणी आले आणि ब्रेक जोरात दाबला, की त्याच वेळी ती फुटते. फार जुन्या जीपांत चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीजाळ्यावर असत. तेथे एक नळी फुटली तर चारही ब्रेक गेले. अशा गाडीत दहा-बारा माणसे किंवा शाळेची मुले बसलेली असतील, तर गंजाचा प्रश्न हा रंगरंगोटीचा राहत नाही, हे सांगावयास नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. तरीही दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोळे उघडे ठेवण्याचे काम मालकाचेच आहे.

गंज कसा शोधावा?

ताजा रंग पाहून फसू नये. भोकांवर पुट्टी भरून वर रंग मारला की पत्रा नव्यासारखा दिसतो. येथे तुमच्या प्रयोगशाळेतील चुंबक उपयोगी पडेल. रंगावर ओरखडा पडू नये म्हणून चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवा. पत्रा असेल तेथे तो चिकटेल, पुट्टीचा जाड थर असेल तेथे सुटेल. जोडलेला भाग मुळातच फायबरचा नाही ना, एवढे आधी विचारून घ्यावे.

चासीची परीक्षा आवाजाने होते. लहान हातोडीने हलके ठोकले असता धड लोखंड खणखणीत वाजते, पापुद्रे धरलेले लोखंड बद्द वाजते. मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, तसेच हे. मात्र ब्रेकच्या नळ्यांवर कधीही ठोकू नये. त्या पुसून, बोटाने चाचपून पहाव्यात. खरखरीत, फुगलेली किंवा ओलसर नळी दिसली तर ती घासून रंगविण्याच्या भानगडीत न पडता बदलूनच घ्यावी. आणखी एक इशारा : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

उपाय : घट मोडा

गंज हा विद्युत्घट आहे हे एकदा ध्यानात आले, की प्रत्येक उपाय म्हणजे त्या घटाचा एखादा भाग काढून टाकणे होय, हे कळते.

पहिला उपाय, पाणी व क्षार काढा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. दारांच्या तळाशी आणि चासीच्या पोकळ भागांत पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात. तारेच्या तुकड्याने ती मोकळी करावीत. खत, ऊस किंवा दूध वाहिले की हौदा त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावा. खाऱ्या विहिरीचे पाणी वापरल्यास एक मीठ काढून दुसरे ठेवल्यासारखे होईल. मडगार्डच्या आतून, खालून पाणी मारून चिखल काढावा, आणि फाळका उघडून गाडी उन्हावाऱ्यात वाळू द्यावी. ओली गाडी ताडपत्रीखाली कोंडून ठेवणे हे उघड्यावर ठेवण्याहून वाईट. पावसाळा संपल्यावर एकदा तळाची धुलाई अवश्य करावी, कारण ओल अजून टिकून आहे आणि ऑक्टोबरचे ऊन वाढत आहे, अशा वेळी ही क्रिया अधिक वेगाने चालते. बॅटरीच्या खालच्या पत्र्यावर सांडलेले आम्ल खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे.

दुसरा उपाय, हवा व पाणी ह्यांच्या आड भिंत उभी करा. रंगाचे काम हेच. परंतु गंजावर रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. गंजाच्या छिद्रांत क्षार व ओल असते, ती रंगाखाली कोंडली जाते आणि घट चालूच राहतो. तारेचा ब्रश व पॉलिश पेपर ह्यांनी चकाकी येईपर्यंत घासावे (डोळ्यांवर चष्मा हवाच), धुवावे, पूर्ण वाळवावे आणि लगेच अस्तर द्यावे. गॅरेजमध्ये जे रेड ऑक्साइड लावतात तेही लोखंडाचेच ऑक्साइड! मग गंजानेच गंज कसा थांबतो? तेथे त्याची बारीक, कोरडी पूड रंगातील तैलद्रव्यात घट्ट बसविलेली असते. ती पाणी धरून ठेवीत नाही. पूर्वी ह्या कामी शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, वापरीत. ते फार चांगले अस्तर असले तरी शिसे विषारी असल्यामुळे आता मागे पडले आहे. जुन्या गाडीवरचा नारिंगी रंग घासताना त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये.

पुष्कळ ठिकाणी चासीला जळके ऑइल फासतात. तेलाने पाणी दूर राहते हे खरे, पण इंजिनातून निघालेल्या तेलात आम्ले व धातूंचे कण असतात, ते रबरी बुशांना खराब करते, धूळ धरते आणि गळून शेतात व नदीत जाते. त्याऐवजी स्वच्छ ग्रीस किंवा मेणयुक्त लेप द्यावा. वेल्डिंग करून ठिगळ लावले तर त्या उष्णतेने पत्र्याच्या पाठीमागचा रंग जळून जातो. पुढून चकाकणारे ठिगळ मागून उघडे पडलेले असते. म्हणून वेल्डिंगनंतर आतल्या बाजूसही अस्तर व लेप पोहोचला पाहिजे.

तिसरा उपाय, लोखंडाऐवजी दुसऱ्या धातूस झिजू द्या. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. दोघांचा संपर्क असेल तर जस्त ॲनोड होते आणि लोखंड वाचते. जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी तेथे लगेच गंज चढत नाही, तो ह्यामुळे. उलट कथील लावलेल्या डब्यावर ओरखडा पडला, तर लोखंडच ॲनोड होते व डबा पाहता पाहता फुटतो. लोखंडावर जस्त चढविण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल ह्यांनी १८३७ साली घेतले. जस्ताची भरपूर पूड असलेले अस्तर आज बाजारात मिळते. ते स्वच्छ पत्र्यावरच लावले पाहिजे, कारण जस्ताचे कण आणि लोखंड ह्यांचा विद्युत्संपर्क झाला तरच ते उपयोगी पडते. ह्याच कारणासाठी लोखंडी पत्र्यावर तांब्या-पितळेचा स्क्रू बसवू नये.

चौथा उपाय, उरलेल्या गंजाचे रूपांतर करा. ब्रश पोहोचत नाही अशा जागी फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असलेला द्रव लावतात. त्यामुळे गंजाचे फॉस्फेट किंवा काळे टॅनेट बनते. ते अधिक स्थिर असते आणि रंग धरून ठेवते. टॅनिन तुमच्या ओळखीचे आहे. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिरड्याची फळे गोळा करतात, त्यांत ते भरपूर असते. लोखंडाचे क्षार आणि अशी तुरट द्रव्ये ह्यांपासून पूर्वी काळी शाई करीत.

फॉस्फरसचे नाव निघाले म्हणून सांगतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात हल्लीच्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे सुमारे ०.२५ टक्के फॉस्फरस आहे. आय. आय. टी. कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम ह्यांनी दाखविले, की त्यामुळे स्तंभावर लोहफॉस्फेटाचा पातळ, घट्ट थर तयार झाला आहे. स्तंभ उभा, उघडा आणि लवकर वाळणारा आहे, हेही विसरू नये. त्याच्या अंगावर चिखल साचत नाही!

करून पहा

१. साध्या काळ्या पत्र्याचे चार सारखे तुकडे घासून स्वच्छ करा. पहिला रोज ओला करून लगेच पुसून वाळवा. दुसऱ्यावर मध्यभागी काळ्या मातीचा ओला गोळा ठेवा. तिसऱ्यावर तसाच गोळा, पण चिमूटभर मीठ मिसळून. चौथ्यावर चिमूटभर पोटॅश खत मिसळून. गोळे रोज थोडे भिजवीत रहा. दोन आठवड्यांनी गोळे काढून पत्रे धुवा. कोणता तुकडा अधिक खड्डेदार झाला? खड्डे गोळ्याखाली आहेत की बाहेर?

२. तीन खिळे घ्या. एकास तांब्याची तार, दुसऱ्यास जस्ताचा मुलामा दिलेली तार घट्ट गुंडाळा, तिसरा तसाच ठेवा. तिन्ही वेगवेगळ्या वाट्यांत मिठाच्या पाण्यात बुडवा. दोन दिवस निरीक्षण करा आणि कोणता खिळा आधी गंजला ते नोंदवा.

३. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या. गंजलेला खिळा रात्रभर त्यात ठेवा. रंगात झालेला फरक पहा. कपड्यांवर डाग पडू देऊ नका, ते सहजासहजी निघत नाहीत.

शिक्षकांनी पहिला प्रयोग पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये, असा दोनदा करवून घेतल्यास आर्द्रतेचा परिणाम मुलांच्या चांगला लक्षात येईल.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशी जुनी गाडी असेल, तर मालकाची परवानगी घ्या, गाडी सपाट जागी उभी आहे ना ते पहा, आणि एक तारेचा तुकडा घेऊन दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके शोधा. किती उघडी आहेत आणि किती बुजलेली आहेत ते वहीत लिहून ठेवा. बुजलेले भोक मोकळे करताना आतून काळे पाणी वाहू लागले, तर आत कित्येक दिवस चालू असलेला एक विद्युत्घट तुम्ही नुकताच बंद केला, असे खुशाल समजा.